डब्यावरचे ६००० आणि माझे गेलेले फोटो

मंडळी, आज नगरपरिषद नाही, रस्ता नाही, पाण्याची टाकी नाही. आज कॉम्प्युटरच्या रॅमबद्दल लिहितोय. "हे काय मध्येच?" म्हणून पुढे सरकू नका. तुमच्या दुकानात, शाळेत, पतसंस्थेत, सेवा केंद्रात जे जोडून घेतलेलं मशीन आहे ना, त्याच्याशी याचा थेट संबंध आहे. आणि माझं जे गेलं ते परत येणारं नाही, म्हणून थोडा रागही आहे. लांबलचक होणार, चहा घेऊन बसा.

आधी काय झालं ते सांगतो.

२०२४ च्या सुरुवातीला मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानातून मशीन जोडून घेतलं. बातम्यांचे व्हिडिओ कापायचे, अंकाची पानं लावायची, एवढंच काम. प्रोसेसर रायझन ५ ७६००, आणि रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५. डब्यावर मोठ्या अक्षरात ६०००. दीड-पावणेदोन वर्षं मशीनने कुरकुर केली नाही. मग मागच्या दिवाळीनंतर रॅमचे भाव असे चढायला लागले की सोन्याचे परवडले. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरातला माल उचलला, असं सगळीकडे छापून येत होतं. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने क्रुशियल हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा जुना ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या आधीच दुकानदाराचा फोन आला होता, "सर, घ्यायची असेल तर आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात मी हा भाव देऊ शकणार नाही." मी घेतली. त्याच कंपनीची, त्याच आकड्याची, आणखी आठ-आठच्या दोन. त्याने चारही खाचा भरून दिल्या, बायोसमध्ये जाऊन ६००० लावलं, स्क्रीनवर दाखवलं, पैसे घेतले.

पहिल्याच आठवड्यात ब्राउझरचे टॅब आपोआप मरायला लागले. मग निळी स्क्रीन. दर वेळी वेगळा संदेश. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट', एकदा कुठल्यातरी ड्रायव्हरचं नाव. व्हिडिओ ऐंशी टक्क्यांवर जाऊन थांबायचा. मेलने आलेली झिप फाइल "खराब आहे" म्हणायची, परत उघडली की उघडायची. हे शेवटचं लक्षण मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. तीच फाइल, तेच मशीन, एकदा खराब आणि एकदा चांगली, हे कसं? पण माणूस घाईत असला की विचार करत नाही.

गावातल्या पोराला बोलावलं. पोरगा प्रामाणिक आहे, उगाच नाव ठेवणार नाही. त्याने आपल्याकडे जे जे करतात ते सगळं केलं. पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या. विंडोज नवीन टाकलं. आठ दिवसांनी परत टाकलं. अँटिव्हायरस बदलला. "सर, तुमच्याकडे लाईटीचा प्रॉब्लेम आहे, अर्थिंग बरोबर नाही" म्हणाला, म्हणून इलेक्ट्रिशियन आणून अर्थिंगचा खड्डा भरून घेतला, मीठ-कोळसा टाकून. नवा यूपीएस घेतला. अर्थिंग आता गावात नंबर एक आहे. निळी स्क्रीन तशीच.

आणि याच काळात मी जानेवारीत एक शहाणपणा केला. माझ्याकडे अकरा-बारा वर्षांचे फोटो दोन जुन्या हार्डडिस्कवर होते. एक डिस्क टकटक आवाज करत होती, म्हणून नवी मोठी डिस्क आणून दोन्हीकडचं सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. कॉपी पूर्ण झाली, कुठे चूक दाखवली नाही, फाइलींची संख्या जुळली. टकटक करणारी त्याच महिन्यात मेली. दुसरी मी पुसून भाच्याला दिली, कॉलेजला न्यायला.

फेब्रुवारीत एका लेखासाठी २०१३ च्या पुराचा फोटो काढायला गेलो. उघडला. वरचा अर्धा भाग ठीक, शाळेचं छत, त्यावर बसलेली माणसं. खालचा अर्धा करडा. दुसरा उघडला, मधून गुलाबी पट्टा. भाच्याने पुण्याहून एक छोटा प्रोग्राम पाठवला, तो एकेक फोटो उघडून तपासतो. एक्केचाळीस हजारांच्या वर फोटो, त्यातले ३१२ मोडलेले. एक्केचाळीस हजारांत तीनशे म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. त्या ३१२ मध्ये पुराचे सत्तावीस आहेत. एसटी स्टँडसमोरचं जुनं वडाचं झाड पाडलं त्या सकाळचे सगळे आहेत. आणि एक आमच्या छापखान्याच्या काकांचा, मशीनजवळ उभे असलेला, त्यांचा दुसरा फोटो माझ्याकडे नाही. त्यांच्या घरच्यांकडेही नसावा, विचारायची हिंमत झाली नाही अजून.

डिस्कची यात चूक नाही. हे समजून घ्या, कारण बहुतेक लोक डिस्कलाच शिव्या देतात. कॉपी करताना फाइल जुन्या डिस्कवरून आधी रॅममध्ये येते आणि रॅममधून नव्या डिस्कवर जाते. रॅममध्ये असताना त्यातला एखादा शून्याचा एक झाला, तर नव्या डिस्कला जे मिळालं ते तिने इमानदारीने लिहून ठेवलं. तिच्या दृष्टीने सगळं बरोबर. कुठेही लाल अक्षरात काही येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो इंजिनीअरिंगला आहे. पहिलं वाक्य बोलला, "मामा, एक्स्पो बंद करून पाहा बरं एकदा." मी म्हटलं, ते काय असतं? तिथून पुढचे तीन आठवडे मी वाचत बसलो, पेनड्राइव्हवर टेस्ट लावून रात्री जागवल्या, आणि जे समजलं ते इथे मांडतोय.

रॅमच्या वेगाचे नियम ठरवणारी एक संस्था आहे, जेडेक नावाची. आयएसआयचा शिक्का आपल्याला माहीत आहे, साधारण तसं समजा, फक्त उद्योगांनी मिळून चालवलेलं. डीडीआर४ साठी त्यांचे टप्पे १६०० पासून ३२०० पर्यंत, व्होल्टेज १.२. डीडीआर५ ची बाजारात सुरुवात ४८०० ला झाली, व्होल्टेज १.१. प्रत्येक पट्टीवर एक बारकी चिप असते, तिच्यात हे लिहिलेलं असतं. मशीन पहिल्यांदा चालू झालं की बोर्ड ती चिप वाचतो आणि त्या साध्या वेगाने रॅम चालवतो. माझ्या पट्टीतल्या चिपमध्ये काय लिहिलंय? ४८००.

मग ६००० कुठून आलं? त्याच चिपमध्ये दुसरं एक पान असतं. इंटेलने ते २००७ मध्ये आणलं, नाव एक्सएमपी. एएमडीने आपलं २०२२ मध्ये आणलं, नाव एक्स्पो. त्यात लिहिलेलं असतं की ही पट्टी १.३५ व्होल्ट देऊन, अमुक टायमिंग ठेवून ६००० ला चालते. हे पान आपोआप लागू होत नाही, बायोसमध्ये जाऊन कुणीतरी चालू करावं लागतं. आणि चालू करणं म्हणजे काय, तर ओव्हरक्लॉकिंग. हा माझा शब्द नाही. इंटेल आणि एएमडी दोघंही याला ओव्हरक्लॉकिंगच म्हणतात आणि त्याने वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो असं सांगतात.

म्हणजे डब्यावर सर्वात मोठ्या अक्षरात जो आकडा छापलाय, तो ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊन मिळणारा आकडा आहे. मर्यादेतला आकडा डब्यावर शोधून सापडत नाही. कंपन्यांच्या वेबसाइटवर मात्र खाली तक्त्यात असतो, 'टेस्टेड स्पीड' वेगळा आणि 'एसपीडी स्पीड' वेगळा. दुकानात उभा राहून कोण तक्ता वाचतो?

पण खरी गंमत पुढे आहे. रॅम एकटी पळत नाही. तिच्याशी बोलणारा भाग प्रोसेसरमध्ये असतो आणि त्याची स्वतःची मर्यादा असते. माझ्या रायझन ५ ७६०० च्या पानावर एएमडीने स्वच्छ लिहिलंय, दोन पट्ट्या असतील तर ५२००. चार असतील तर ३६००. परत वाचा. चार पट्ट्यांना तीन हजार सहाशे. कारण सोपं आहे, तारा त्याच आणि त्यांच्यावर ओझं दुप्पट, मग सिग्नल स्वच्छ राहत नाही. दोन पट्ट्या ६००० ला चालत होत्या ते नशीब होतं, चांगलं नशीब, बऱ्याच लोकांचं असतं. मी पैसे खर्चून रॅम वाढवली आणि त्या दिवशी कंपनीने कबूल केलेला वेग ५२०० वरून ३६०० वर आला. दुकानदाराने तरीही ६००० लावून दिलं, कारण चारही डब्यांवर ६००० लिहिलेलं होतं.

मी त्याच्याकडे गेलो. भांडायला गेलो होतो, खरं सांगतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, डब्यावर जे लिहिलंय तेच मी लावलं. कमी लावलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, की पैसे ६००० चे घेतले आणि ४८०० देतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालोच असतो. शिवाय पोस्ट टाकली असती.

मग रॅमच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की वेग प्रोसेसर आणि मदरबोर्डवर अवलंबून असतो, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेले संच एकत्र चालतील याची हमी नाही. बोर्डवाल्यांनी त्यांच्या यादीत ही पट्टी चार नगांसाठी तपासलेली नाही असं कळवलं. प्रोसेसरचं पान तर आधीच ३६०० म्हणत होतं. आपल्या इथे रस्त्यात खड्डा पडला की हे खातं त्या खात्याकडे बोट दाखवतं, ते तिसऱ्याकडे, आणि तिघांचे कागद बरोबर असतात. तेच. फरक एवढाच की खड्डा दिसतो.

काही मित्र म्हणतील, अरे जाहिरातीत हे चालतंच. गाडीचं मायलेज घ्या. पुण्याची एआरएआय जो आकडा देते तो चाचणीतला असतो, रस्त्यावर तेवढा कुणालाच मिळत नाही, आपण मनातल्या मनात दहा-पंधरा कमी करतो आणि गाडी घेतो. मान्य. पण मायलेज कमी मिळालं तर चार पैसे पेट्रोलचे जास्त जातात, गाडी तुम्हाला भलत्याच गावी नेऊन सोडत नाही. रॅम डब्यावरच्या वेगाला टिकली नाही तर ती हळू चालत नाही, ती चुकीचं लक्षात ठेवते. आणि चुकीचं लक्षात ठेवलंय हे तिला स्वतःला माहीत नसतं. सातबाऱ्याची पीडीएफ, पतसंस्थेच्या व्याजाचा तक्ता, शाळेचे निकाल, लग्नाचा व्हिडिओ, तिला सगळं सारखं.

हे फक्त आपल्यासारख्या अडाण्यांनाच होतं असं नाही. लिनक्स बनवणारे लिनुस टोरव्हाल्ड्स, ज्यांच्या कामावर अर्ध्याहून जास्त इंटरनेट चालतं, त्यांच्या स्वतःच्या मशीनमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये रॅमची पट्टी बिघडली होती. त्यांनाही आधी नव्या कोडचाच संशय आला, त्यात वेळ गेला, मग कळलं की रॅम. हाच माणूस वर्षापूर्वीपासून सांगत होता की साध्या ग्राहकांच्या मशीनलाही ईसीसी रॅम, म्हणजे चूक पकडणारी आणि एक बिटाची चूक दुरुस्त करणारी रॅम, मिळायला हवी. बँकांच्या, मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये ती असते. आपल्याला मात्र मिळते ती विनापहारेकरी. २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये किमान एक तरी चूक नोंदली गेली. तिथे पकडली गेली. आपल्याकडे पकडणारं कुणी नाही.

जाता जाता, दुकानात कुणी म्हणालं की "डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच, काळजी नको," तर मान डोलावू नका. डीडीआर५ च्या चिपच्या पोटात एक अंतर्गत दुरुस्ती असते हे खरं, पण ती चिपच्या आतल्यापुरती. पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत जे बिघडतं, ते तिला दिसत नाही. आणि वेग झेपत नाही तेव्हा बिघाड बहुतेक त्याच वाटेत होतो.

अमेरिकेत हे प्रकरण कोर्टात गेलं. कोर्सेअर या मोठ्या रॅम कंपनीवर तिथल्या ग्राहकांनी सामूहिक दावा केला, की डब्यावरचा वेग जोडल्याबरोबर मिळत नाही, त्यासाठी बायोसमध्ये खटपट करावी लागते, आणि हे सांगितलं जात नाही. २०२५ मध्ये ५५ लाख डॉलरची तडजोड झाली. कंपनीने चूक मान्य केली नाही, हेही लिहिलं पाहिजे. पण पैसे द्यायला तयार झाली. तिथल्या ग्राहकाची तक्रार होती की वेग कमी मिळतो. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे, वेग लावला तर डेटा जातो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला जुलै २०२० मध्ये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची त्यात व्याख्या आहे, महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं हेही त्या व्याख्येत बसतं, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. आणि सेवा केंद्रवाले, डीटीपीवाले, फोटो स्टुडिओवाले मित्र, तुम्हाला कुणी म्हणालं की धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, तर ऐकू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच. हेल्पलाइन १९१५. मी तिथे तक्रार नोंदवली आहे. काय होतं ते कळवीन. दुकानदाराविरुद्ध नाही नोंदवली, आधीच सांगतो, कारण तोही डबाच वाचत होता. डबा छापणाऱ्याविरुद्ध आहे.

माझी मागणी मोठी नाही. डब्यावर दोन आकडे सारख्या अक्षरात छापा. साधा वेग एवढा, आणि ओव्हरक्लॉक करून, प्रोसेसर-बोर्डने साथ दिली तर एवढ्यापर्यंत. 'पर्यंत' हा शब्द छापायला किती शाई लागते? माझ्या चारही डब्यांवर तो नाही. आणि मशीन जोडून देणाऱ्यांनी बिलावर नुसतं "१६ जीबी रॅम" न लिहिता पट्टीचा पूर्ण नंबर आणि किती वेगाला लावून दिली ते लिहावं. एक ओळ.

मोठ्या कंपन्यांची तयार ऑफिस मशीनं साधारण साध्या वेगालाच येतात, म्हणून सरकारी कचेऱ्यांत हा घोळ कमी. घोळ आहे तो आपल्या जोडून घेतलेल्या मशीनमध्ये, आणि तालुक्याच्या गावात बहुतेक मशीन तसंच असतं, कारण ते स्वस्त पडतं.

आता ज्यांना माझ्यासारखी लक्षणं दिसतायत त्यांनी काय करायचं. विंडोज परत टाकू नका, आधी ते थांबवा. खराब रॅमवर नवीन विंडोज टाकणं म्हणजे गळक्या भांड्यात ताजं दूध. आणि महत्त्वाची कॉपी, बॅकअप, त्या मशीनवरून अजिबात करू नका. माझ्यावरून शिका.

बायोसमध्ये जा, एक्सएमपी किंवा एक्स्पो जे असेल ते बंद करा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी असंही नाव असतं. मग मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या, फुकट आहे, त्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि रात्रभर सोडा. चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक यायला नको. "दोनच आल्या, चालतं" असं नसतं, एक आली तरी नापास. साध्या वेगाला पास झाली आणि डब्यावरच्या वेगाला नापास, तर पट्टी मेलेली नाही, तिला तेवढं झेपत नाही. साध्या वेगालाही नापास झाली, तर एकेक पट्टी एकाच खाचेत लावून तपासा. जी एकटी असतानाही चुकते ती वॉरंटीत बदलून मागा, आणि अशा वेळी कंपनीला नाही म्हणता येत नाही, कारण तुम्ही मर्यादेत होता. सगळ्या एकट्या पास आणि एकत्र नापास, तर माझीच गोष्ट.

माझं असं निघालं. चार पट्ट्या ६००० ला, पहिल्या अर्ध्या तासातच शेकडो चुका. ५६०० ला कमी, पण होत्याच. ५२०० ला पहाटे चारला एक. मी त्या एकीकडे पंधरा मिनिटं पाहत बसलो होतो. ४८०० ला दोन रात्री स्वच्छ. जुन्या दोनच ठेवल्या तर ६००० लाही स्वच्छ. आता चारही ४८०० ला आहेत. पानं लावताना, व्हिडिओ कापताना मला काडीचाही फरक जाणवला नाही.

ज्यांना वेग पाहिजेच त्यांनी एकेक पायरी खाली येत कुठे टिकते ते पाहावं, बोर्डचं बायोस अपडेट करावं, त्यातही बराच फरक पडतो. दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, बहुतेक बोर्डांना असंच लागतं. व्होल्टेज वाढवायचा सल्ला यूट्यूबवर भरपूर मिळेल. सांभाळून. २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्याची प्रकरणं झाली, त्यानंतर एएमडीने सॉक व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घातली. पट्ट्यांपायी प्रोसेसर घालवू नका.

एक गोंधळ इथेच मिटवतो, कारण दोघांनी आधीच फोन करून विचारलंय. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रामात ३२०० ची रॅम १६०० दिसते. ती फसवणूक नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पोचवते, म्हणून १६०० ची दुप्पट ३२००. दुकानदाराशी या कारणावरून भांडू नका. आणि डीडीआर५ नवीन लावल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, मशीन आपलं रॅमशी जुळवून घेत असतं. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका.

आणि आपल्या भागासाठी खास. रॅमच्या आत माहिती म्हणजे बारीक-बारीक साठवलेला विद्युतभार असतो, तो सतत गळतो आणि सतत परत भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. डिसेंबरात पास झालेलं मशीन मे महिन्यात, बाहेर ४५ आणि खोलीत कूलर बंद, तेव्हा नापास होऊ शकतं. उन्हाळ्यातच मशीन बिघडतं आणि आपण लाईटीला दोष देतो, त्यातली काही प्रकरणं ही असणार. तेव्हा ज्यांचं मशीन काठावर चालतंय त्यांनी एप्रिलमध्ये एकदा परत तपासावं.

पेनड्राइव्ह मी तयार करून ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी ऑफिसवर येऊन न्यावा, सकाळी परत आणून द्यावा. सध्या तो फोटो स्टुडिओवाल्या भाऊंकडे आहे, त्यांच्यानंतर शाळेच्या लॅबचा नंबर आहे.

आणि एक विनंती. २०१३ च्या पुराचे, किंवा वडाचं झाड पाडलं त्या दिवसाचे फोटो कुणाच्या जुन्या मोबाइलमध्ये, मेमरी कार्डवर, अल्बममध्ये असतील तर मला कळवा. व्हॉट्सअॅपवर बारीक झालेले असले तरी चालतील. छापखान्याच्या काकांचा कुणाकडे असेल तर तो आधी.